केनियाची सफारी आणि लसी: कुठली कागदासाठी, कुठली जिवासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं एक कुटुंब जुलैअखेर बारा दिवसांसाठी मसाई मारा, सेरेंगेटी आणि शेवटी झांझिबार असं फिरायला निघालंय. प्रश्न विचारणारे आणि त्यांची पत्नी, दोघंही चाळिशीच्या आतले. मुलगी सात वर्षांची. वडील ६६ वर्षांचे, मधुमेहाच्या गोळ्या चालू, १९९६ ते ९८ या काळात नायजेरियात नोकरीला होते. आई ६१ वर्षांच्या, संधिवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेतात. टूरवाल्यांनी सांगितलंय, ‘यलो फीवरचं इंजेक्शन घ्या, कार्ड करून घ्या, बाकी काही लागत नाही.’ एवढं पुरेसं आहे का?

नाही. आणि टूरवाल्यांचं चुकलंय असंही नाही. त्यांना विमानात चढण्यासाठी आणि परत मुंबईत उतरण्यासाठी काय लागतं तेवढं ठाऊक असतं, आणि तेवढंच त्यांनी सांगितलं. पण अधिकाऱ्याला दाखवायची लस वेगळी आणि आपल्याला आजारातून वाचवणारी वेगळी. केनियाच्या सहलीत तर तुमच्या जिवाला सगळ्यात मोठा धोका ज्या आजाराचा आहे, त्यावर तुमच्यासाठी लसच नाही. तिथे मी सविस्तर येतोच. आधी कार्डाचं बघू.

यलो फीवर, म्हणजे पीतज्वर, आफ्रिकेच्या मधल्या पट्ट्यात आणि दक्षिण अमेरिकेत आढळतो. केनिया त्या यादीत आहे. २०२२ मध्येच तिथल्या इसिओलो भागात साथ आली होती. तरी गाडीतून वाघ-सिंह (खरं तर फक्त सिंह; वाघ तिथे नाहीत, पण पुण्यातले निम्मे लोक तसंच विचारतात) बघून येणाऱ्या पर्यटकाला तो होण्याची शक्यता कमीच. मग एवढी कडक तपासणी कशासाठी? ती प्रामुख्याने आपल्या देशासाठी आहे. पीतज्वर पसरवणारा एडिस डास, तोच डेंगीवाला, आपल्याकडे प्रत्येक सोसायटीच्या कुंड्यांत आहे. विषाणू मात्र अजून आलेला नाही, आणि त्यामुळे आपल्यापैकी कोणाच्याच अंगात त्याची प्रतिकारशक्ती नाही. २०१६ मध्ये अंगोलात मोठी साथ असताना तिथून परतलेल्या ११ कामगारांना चीनमध्ये गेल्यावर हा आजार निघाला होता. तिथे तो पुढे पसरला नाही. मुंबईत पावसाळ्यात असं झालं तर काय, या धास्तीपोटी भारत सरकार या बाबतीत ऐकून घेत नाही. लागण झाल्यापासून ताप यायला तीन ते सहा दिवस लागतात, म्हणून पीतज्वराच्या यादीतला देश सोडून सहा दिवसांच्या आत वैध कार्डाशिवाय परतलात तर ते सहा दिवस पुरे होईपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्याला आहे. तुमच्या बाबतीत टांझानियाही कार्ड मागणार, कारण सेरेंगेटी आणि झांझिबार टांझानियात आहेत आणि तुम्ही केनियातून तिथे शिरताय.

ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच घ्यावी लागते: मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य संघटनेकडे, पुण्यात एएफएमसीत (लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात), गोव्यात मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात. यादी आणि वार बदलत असतात, तेव्हा आधी चौकशी करून अपॉइंटमेंट घ्या. वार ठरलेले असण्यामागे कारण आहे. एका कुपीत अनेकांचे डोस असतात. कोरडी पूड असते, ती थंड द्रावणात विरघळवली की सहा तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यायची. म्हणून पुरेशी माणसं जमल्याशिवाय सिस्टर कुपी फोडत नाहीत. सकाळी नऊला जाऊन साडेअकरापर्यंत बसावं लागलं तर चिडू नका.

दंडावर कातडीखाली अर्धा मिली टोचतात आणि अर्धा तास थांबवतात. पिवळं कार्ड हातात आलं की खिडकी सोडण्यापूर्वी नीट वाचा. नाव पासपोर्टवर आहे तसंच आहे का, पासपोर्ट नंबर बरोबर आहे का, लसीचा बॅच नंबर लिहिलाय का, तारखेत महिना अक्षरात आहे का, डॉक्टरांची सही आणि केंद्राचा शिक्का आहे का. शिक्का विसरलेलं कार्ड घेऊन विमानतळावर उभं राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. कार्ड लागू होतं टोचल्यानंतर दहा दिवसांनी. म्हणजे २५ जुलैला निघायचं तर १५ जुलैच्या आत लस घेतलेली हवी. पण शेवटच्या तारखेवर विसंबू नका, अधूनमधून लसीचा तुटवडा होतो. ‘लस न घेता कार्ड मिळवून देतो’ असं सांगणारे एजंटही भेटतील. त्यांना दारातूनच परत पाठवा. पकडलं गेलं तर गुन्हा तुमच्या नावावर.

आता तुमच्या वडिलांचं. १९९६ ला नायजेरियाला गेले म्हणजे त्यांनी ही लस तेव्हा घेतलेली असणार. ते जुनं पिवळं कार्ड शोधा. माळ्यावरच्या फायलीत, जुन्या पासपोर्टच्या कव्हरात, बँकेच्या लॉकरमध्ये, कुठेही असेल. त्यावर दहा वर्षांनंतरची, २००६ ची मुदत लिहिलेली असेल आणि ती बघून केंद्रावरचा कारकूनसुद्धा म्हणेल की नवीन घ्या. घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम ११ जुलै २०१६ पासून बदललाय: पीतज्वराचं प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, आणि हे आधी दिलेल्या जुन्या कार्डांनाही लागू आहे. कार्डावरची तारीख खोडू नका, वर काही लिहू नका, आहे तसंच ठेवा. पासपोर्ट नंबर जुना असेल, म्हणून जुना पासपोर्टही सोबत घ्या. नियमाचं एक पान छापून कार्डात घडी करून ठेवा; चेक-इनच्या काउंटरवर नवीन पोरं बसलेली असतात, त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा कागद पुढे केलेला बरा.

मी यावर एवढा जोर देतोय तो पैसे वाचवायला नाही. ही जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस आहे. १९३० च्या दशकात मॅक्स थायलरने बनवली, १९५१ चं नोबेल त्याला त्यासाठीच मिळालं, आणि आजही तीच वापरतात. अतिशय चांगली लस आहे, एक डोस बहुतेकांना जन्मभर पुरतो. पण साठीनंतर ती पहिल्यांदाच घेणाऱ्यांत, फार क्वचित, तोच दुबळा विषाणू यकृत-मूत्रपिंडांवर किंवा मेंदूवर हल्ला करतो. लाखात एखाद्याला होतं, पण झालं तर जीवावर बेततं. ज्याने पूर्वी एकदा घेतली आहे त्याला ही भीती जवळजवळ नसते. म्हणजे कार्ड नाहीच सापडलं आणि पुन्हा टोचून घ्यावी लागली, तरी तुमचे वडील पहिल्यांदा घेणाऱ्या ६६ वर्षांच्या माणसापेक्षा बऱ्याच सुरक्षित जागी आहेत.

आईंची गोष्ट अवघड आहे, आणि ती मी गोड करून सांगणार नाही. मेथोट्रेक्सेट प्रतिकारशक्ती दाबतं. ते चालू असताना जिवंत विषाणूची लस द्यायची नसते. लसीसाठी म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद करणं तर अजिबात नको. संधिवात उसळला की तो सहलीआधीच घरी बसवेल. अशा रुग्णाला डॉक्टर ‘वैद्यकीय कारणाने लस देता येत नाही’ असं लिहून देऊ शकतात. त्यासाठी त्या पिवळ्या पुस्तिकेतच जागा असते. लेटरहेडवरची मोघम चिठ्ठी चालेल असं धरू नका, पुस्तिकेत सही-शिक्क्यासह नोंद घ्या आणि सोबत संधिवाताच्या डॉक्टरांचं पत्र ठेवा. आपल्या नियमांत आजारामुळे लस घेऊ न शकणाऱ्यांना सूट आहे खरी, पण ती मान्य करायची की नाही हे परतल्यावर समोर बसलेला आरोग्य अधिकारी ठरवतो. लस घेतलेली नाही म्हणजे आईंना संरक्षण नाही, ही गोष्ट पत्राने बदलत नाही, आणि केनिया-टांझानियाची सीमाही त्यांना त्याच कागदावर ओलांडायची आहे.

म्हणून माझा सल्ला विचाराल तर आईंना घेऊन जायचं असेल तर केनियाचा हट्ट सोडा. दक्षिण आफ्रिकेत पीतज्वर नाही. दुबई-दोहामार्गे जोहान्सबर्ग गाठलं तर कार्डाचा प्रश्नच उरत नाही. फक्त नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे स्वस्त तिकीट घेऊ नका, नाहीतर तोच प्रश्न मागच्या दाराने परत येतो. शिवाय तिथल्या पिलानेसबर्ग आणि माडिक्वे या अभयारण्यांत मलेरियाही नाही, सिंह-हत्ती-गेंडे मात्र भरपूर. माराच्या नदीत उड्या घेणारे विल्डबीस्टचे कळप दिसणार नाहीत, ते खरं. ते बघायचेच असतील तर तुम्ही तिघं आणि बाबा वेगळे जा. घरात हे बोलणं कठीण जातं, मला माहीत आहे. ‘आईला सोडून कसं जायचं’ हा मुद्दा लसीपेक्षा मोठा होतो. पण तिकिटं काढायच्या आधी बोला, नंतर नको.

मुलीला पीतज्वराची लस देता येते, अंड्याची तीव्र ॲलर्जी नसेल तर (ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, तेव्हा मोठ्यांनाही हे लागू). तिचा एमएमआरचा (गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा) डोस बाकी असेल तर दोन्हींत चार आठवड्यांचं अंतर ठेवता यावं म्हणून बालरोगतज्ज्ञांकडे आताच जा. तुम्ही दोघंही स्वतःची लहानपणची लसींची वही बघा. तुमच्या पिढीत गोवराचा एकच डोस झालेले खूप जण आहेत.

आता मलेरिया. ‘आम्हाला होऊन गेलाय, क्लोरोक्विनने उतरतो’ असं म्हणणारे लोक मला रोज भेटतात. त्यांना झालेला बहुतेक वेळा व्हायवॅक्स जातीच्या जंतूचा मलेरिया असतो. पूर्व आफ्रिकेत आहे तो फाल्सिपेरम जातीचा. तो दोन-तीन दिवसांत मेंदू आणि मूत्रपिंडांपर्यंत पोचतो, आणि क्लोरोक्विनला दाद देत नाही. लहानपणी आपल्याकडे झालेल्या मलेरियाने त्यापासून काहीही संरक्षण मिळत नाही. लस? आहे. आर-२१ ही लस ऑक्सफर्डने विकसित केली आणि ती बनते आपल्या पुण्यातच, सीरममध्ये; जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस २०२३ मध्ये केली. पण ती आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी आहे. पुण्याहून निघालेल्या पर्यटकासाठी नाही, त्यामुळे ‘डॉक्टर, हडपसरलाच बनते ना, मग द्या की’ हा युक्तिवाद चालत नाही.

तुमच्यासाठी आहेत गोळ्या. नैरोबी शहर १,७०० मीटरहून उंच, तिथे धोका फार कमी. मारा-सेरेंगेटीत आहे. झांझिबारमध्ये पूर्वीपेक्षा कमी झालाय, तरी मधेच गोळ्या थांबवायच्या नाहीत. माझी पहिली पसंती ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल. जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू करायची, रोज एक, जेवणासोबत, आणि परतल्यावर सात दिवस. बारा दिवसांच्या सहलीला मोठ्या माणसाला २० ते २१ गोळ्या. महाग आहे आणि प्रत्येक केमिस्टकडे नसते, आधी मागवून ठेवावी लागते. दुसरा पर्याय डॉक्सीसायक्लिन, रोज १०० मिलिग्रॅम. अगदी स्वस्त, पण परतल्यावर पूर्ण चार आठवडे घ्यावी लागते, आणि नेमकी तिथेच लोक सोडून देतात. डॉक्सी घेताना भरपूर पाणी प्या आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिका भाजल्यासारखी होते. उन्हाने चेहरा करपतो, उघड्या जीपमध्ये टोपी हवीच. आठ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सी देत नाहीत, म्हणून मुलीला ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिलच, वजनाप्रमाणे. आठवड्यातून एकदा घ्यायची मेफ्लोक्विनही आहे, पण नैराश्य, फिट्स किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर ती नको. आई मलेरियाच्या प्रदेशात जाणारच असतील तर त्यांची गोळी परस्पर ठरवू नका. डॉक्सी आणि प्रोग्वानिल, दोन्ही मेथोट्रेक्सेटसोबत देताना जपावं लागतं. हे संधिवाताच्या डॉक्टरांनी ठरवायचं. ‘मलेरियाच्या साबुदाण्याच्या गोळ्या’ घेऊन आफ्रिकेत जाऊ नका, एवढं मात्र मी सगळ्यांनाच सांगतो.

गोळी घेतली तरी डास चावू द्यायचे नाहीतच. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. डीईईटी किंवा पिकारिडिन २० टक्के किंवा जास्त असलेलं मलम लावा. आधी सनस्क्रीन, मग हे. तंबूत मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. सेरेंगेटीत झाडांना निळ्या-काळ्या कापडाचे चौकोन टांगलेले दिसतील. ते त्सेत्से माशीचे सापळे. गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे ती माशी ओढली जाते, दिवसा चावते, आणि पातळ कापडातूनही. तिच्यामुळे निद्रारोग होतो. पर्यटकांत क्वचितच, पण त्याला लसही नाही आणि प्रतिबंधाची गोळीही नाही. तेव्हा नवी कोरी जीन्स आणि काळे टी-शर्ट घरी ठेवा, खाकी-मातकट कपडे न्या.

ज्या कोणी मागत नाहीत पण घ्याव्यात अशा लसींत पहिली टायफॉइडची. ‘आम्ही भारतीय, आम्हाला काय होतंय’ हा समज टायफॉइडपुढे टिकत नाही. नवी जोड-लस एकाच डोसात होते, आणि ती सार्वजनिक मोहिमेत वापरण्याचं जगातलं पहिलं काम २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने केलं. जिवंत लस नाही, आईंनाही चालते. हिपॅटायटिस ए मध्ये गंमत आहे: तुमच्या आई-वडिलांना ती बहुधा लागणार नाही, कारण त्या पिढीला लहानपणीच होऊन गेलेली असते. शंका असेल तर रक्ताची तपासणी करा. तुमचं दोघांचं बालपण फिल्टरच्या पाण्यावर गेलं असेल तर मात्र तुम्हालाच जास्त गरज, आणि मोठेपणी झालेली ही कावीळ महिना-दीड महिना अंथरुणात ठेवते. बाबांना मधुमेह आहे, म्हणून फ्लू आणि न्यूमोनियाची लस सहल असो-नसो द्यायलाच हवी. धनुर्वाताचा डोस दहा वर्षांत झाला नसेल तर टीडी घ्या. पोलिओचा डोस काही देशांसाठी प्रौढांनाही घ्यावा लागतो आणि निघण्याच्या चार आठवडे आधी. त्या देशांची यादी बदलत असते, तर यलो फीवर केंद्रावरच विचारा. कॉलऱ्याची लस या सहलीला नको.

रेबीजची आगाऊ लस बारा दिवस गाडीतून फिरणाऱ्याला मी सहसा देत नाही. पण लॉजवरच्या माकडांना चिप्स खायला देऊ नका, विशेषतः मुलीला सांगा. ओरखडा जरी आला तरी साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा, पुण्याला परतायची वाट बघू नका.

औषधांच्या पिशवीत ओआरएसची पाकिटं, तापाची गोळी, थर्मामीटर. बाबांच्या मधुमेहाच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसह. नैरोबी आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्यामुळे वेळा फारशा बदलाव्या लागत नाहीत. आणि आईंसाठी एक महत्त्वाची सूचना: जुलाबावर म्हणून कोणी को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक दिलं तर घेऊ द्यायचं नाही. मेथोट्रेक्सेटसोबत ते अस्थिमज्जेवर घातक परिणाम करतं. हे त्यांच्या औषधांच्या डबीवरच चिकटवून ठेवा.

परतल्यावरचा भाग लोक विसरतात. तुम्ही ऑगस्टमध्ये उतराल, पुण्यात तेव्हा डेंगीचा हंगाम असतो. ताप आला की घराजवळचे डॉक्टर डेंगीची एनएस-१ तपासणी करतील, प्लेटलेट्स बघतील, त्या खाली गेलेल्या दिसतील (मलेरियातही जातात) आणि डेंगी म्हणून दोन दिवस निघून जातील. फाल्सिपेरममध्ये ते दोन दिवस हातचे घालवून चालत नाहीत. म्हणून परतल्यानंतरचे तीन महिने कोणालाही ताप आला, गोळ्या सगळ्या वेळेवर घेतल्या असल्या तरी, दवाखान्यात शिरल्याशिरल्या पहिलं वाक्य ‘आफ्रिकेहून आलोय’ हेच. त्याच दिवशी मलेरियाची तपासणी. ती निगेटिव्ह आली आणि ताप टिकला, तर १२ ते २४ तासांनी पुन्हा, आणि गरज पडली तर तिसऱ्यांदा.